२२१.८ टक्के

टी.ई.च्या सेमिनारमध्ये माझा जो पोपट झाला, तो आता अख्ख्या इन्स्ट्रु डिपार्टमेंटला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

माझा विषय होता हवेतली धूळ मोजणारे सेन्सर. पण नुसत्या सेन्सरवर पंधरा मिनिटं कोण ऐकणार? म्हणून सुरुवातीला मी एक 'इम्पॅक्ट'वाली स्लाइड टाकली. भारतात २०१६ साली हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा जो काही भार होता, त्यात कुठल्या कारणाचा किती वाटा, त्याची यादी. चुकीचा आहार ५६.४ टक्के, वाढलेलं ब्लडप्रेशर ५४.६, हवेचं प्रदूषण ३१.१, कोलेस्टेरॉल २९.४, तंबाखू १८.९, रक्तातली जास्त साखर १६.७ आणि जास्त वजन १४.७. आकडे माझ्या मनचे नाहीत. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या भारतावरच्या अभ्यासातले आहेत.

सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "मॅडम, जरा बेरीज करा बघू."

मी करायच्या आधीच मागच्या बेंचवरून कुणीतरी कॅल्क्युलेटर उंच धरून ओरडलं, "दोनशे एकवीस पॉइंट आठ!"

"शंभरातले दोनशे एकवीस टक्के तुम्ही आणलेत कुठून?" सर म्हणाले, आणि वर्ग फुटला. मी "सर, ते ओव्हरलॅपिंग आहे" असं काहीतरी पुटपुटले. पण ओव्हरलॅपिंग म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. पेपरमध्ये तो शब्द होता म्हणून मी म्हटला, इतकंच! उत्तर मला दिवाळीच्या सुट्टीत सापडलं, तेही गावच्या स्वयंपाकघरात. ते उत्तर म्हणजेच हा लेख.

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीत बोललं की एक रुपया दंड असायचा, आणि मी त्या काळात बऱ्यापैकी दंड भरलाय. तरी जोडाक्षरं आली की अजून माझी गाडी अडते. हा लेख इंग्लिश सेक्शनला देणं मला सोपं होतं. पण तो आजीला वाचून दाखवायचा आहे, म्हणून मराठीत. चुका पोटात घाला.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. एस.टी.च्या थांब्यापासून घर चढावर आहे. लहानपणी आजी मला काखेत घेऊन तो चढ न थांबता चढायची. आता ती तीन ठिकाणी थांबते. एकदा आंब्याखाली, एकदा मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर आणि एकदा नुसतीच, रस्त्यात, कमरेवर हात ठेवून. विचारलं तर म्हणते, "काय न्हाई गं, वाईच दम लागतो."

मागच्या मे महिन्यात पप्पांनी तिला कराडला डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टरांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. आजी तीनदा फुंकली आणि तिन्ही वेळा खोकली. डॉक्टर म्हणाले, हा साधा दमा नाही, सी.ओ.पी.डी. आहे. म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या आकसल्या आहेत. औषधाने त्रास कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आजी, विडी ओढता का?"

आजीला हसूच आलं. "बाईमाणूस इडी वढतंय व्हय?"

"तंबाखू?"

आजी गप्प. मग हळूच म्हणाली, "मशेरी लावती."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. आपल्याकडच्या कितीतरी बायका ती सकाळी दातांना लावतात. दातांना म्हणायचं, पण खरी तलफेची. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हापासून लावायची. सासूने शिकवलं. भूक मारायची म्हणे.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी आजीवर जे तोंड सोडलं, ते आठवलं की अजून मान खाली जाते. "इतकी वर्षं सांगतोय तुला, सोड ती घाण! आता भोग! तूच ओढवून घेतलंस हे!" पप्पा पुढे बसले होते, काकू शेजारी. कुणी मला अडवलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. आजी खिडकीतून बाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मशेरीची डबी कोनाड्यातून गायब झाली. तिने एक शब्द न बोलता मशेरी सोडली. मला वाटलं, वा, काय काम केलं मी!

मग ऑक्टोबरमध्ये सेमिनारसाठी वाचायला बसले.

आपण आजार मोजतो म्हणजे काय मोजतो, हा पहिला प्रश्न. पूर्वी फक्त मरणं मोजायचे. पण माझी आजी तर जिवंत आहे. तिचे चढावरचे तीन थांबे कुठे मोजायचे? यासाठी एक मोजमाप निघालं, 'डॅली'. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या अहवालातून ते जगापुढे आलं. क्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ ही त्यामागची दोन मोठी नावं. हिशोब सरळ आहे. माणूस अकाली गेला तर त्याची जगायची राहून गेलेली वर्षं मोजा. आजारपणात काढलेली वर्षंही मोजा, पण आजाराच्या तीव्रतेप्रमाणे त्याचा काही अंश धरा. दोन्हींची बेरीज म्हणजे डॅली. एक डॅली म्हणजे धडधाकट आयुष्यातलं एक वर्ष वजा. सगळ्या देशाची अशी वजा झालेली वर्षं एकत्र केली की तो त्या देशाचा रोगभार.

भारताचं हे बिल राज्यवार मांडलं गेलं २०१७ साली. १९९० मध्ये देशाच्या रोगभारातला ६१ टक्के भाग संसर्गजन्य आजार, बाळंतपणातले आणि नवजात बाळांचे आजार आणि कुपोषण यांचा होता. २०१६ मध्ये तो ३३ टक्क्यांवर आला. उलट हृदयविकार, डायबेटिस, कॅन्सर, सी.ओ.पी.डी. असे न पसरणारे आजार ३० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. अपघात आणि इजा ९ वरून १२.

हे वाचताना मला आमचं घरच दिसलं. आजीला सात मुलं झाली, त्यातली पाच जगली. दोन हगवणीने गेली. एक सव्वा वर्षाचं, एक त्याहून लहान. ते आजी सांगते तेव्हा तिच्या आवाजात काही फरक पडत नाही, म्हणून मीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. ती दोन बाळं म्हणजे तो ६१ टक्क्यांचा काळ. आणि आता आजीची फुप्फुसं म्हणजे ५५ टक्क्यांचा. एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही! अस्वच्छ पाणी आणि संडासांचा अभाव हे १९९० मध्ये देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं धोक्याचं कारण होतं, २०१६ मध्ये ते सातव्यावर गेलं. सुधारणा झालीच. तरी २०१६ मध्ये या कारणामुळे दरडोई होणारं नुकसान चीनच्या ४० पट होतं. आणि पहिल्या नंबरवर अजून कोण? आई आणि मुलांचं कुपोषण, १४.६ टक्के. दुसऱ्या नंबरवर हवेचं प्रदूषण, ९.८ टक्के.

मग मी सी.ओ.पी.डी.चं पान उघडलं. भारतात १९९० मध्ये या आजाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. २०१६ च्या भारात हवेच्या प्रदूषणाचा वाटा ५३.७ टक्के, तंबाखूचा २५.४ आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५. आणि या आजाराच्या हिशोबातला तंबाखू म्हणजे ओढायचा तंबाखू, स्वतःचा किंवा शेजारच्याचा धूर. मशेरीचं तिथे नावच नव्हतं!

मशेरी निर्दोष आहे असं नाही हं. तोंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं पक्कं आहे. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास आला होता. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्यातल्या बहुतेकींचा तंबाखू म्हणजे मशेरीच होती. म्हणजे सोडली ते उत्तमच. पण आजीच्या दमाचा मुख्य आरोपी दुसराच होता, आणि मी भर गाडीत शिक्षा भलत्यालाच सुनावली होती.

सेमिनारची ती गंमत झाल्यावर आठवड्याने दिवाळीची सुट्टी लागली. माझा सेन्सर मी बॅगेत टाकला. छोटासा डबा, आत पंखा, लेझर, अर्डुइनो आणि वर चार आकड्यांचा डिस्प्ले. हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मोजतो. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला जाग आली ती आजीच्या खोकल्याने. आमचं जुनं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. बुटकं, कौलारू, आढ्यापासून कोनाड्यापर्यंत काजळीने काळंकुट्ट. आजी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत होती. पाऊस लांबला होता, सरपण ओलसर होतं, धूर जमिनीपासून दोन हातांवर पांघरुणासारखा पसरला होता. चुलीवर तांब्याचा हंडा. दिवाळीची पहिली आंघोळ, उटणं लावून, कढत पाण्याची! लहानपणापासून दिवाळी म्हटलं की मला फराळाआधी त्या धुरकट पाण्याचा वास आठवतो. होस्टेलच्या गीझरच्या पाण्याला तो वास नाही म्हणून मी किती वेळा हळहळले आहे.

मी सेन्सर आणून पाटावर ठेवला. आपल्या सरकारी मानकात अशा कणांची दिवसाची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घातलेली मर्यादा तर १५ आहे. डिस्प्लेवर आकडा तीनशे, चारशे, पाचशे झाला आणि पुढे गेला. पाचशेच्या पुढचा आकडा कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे धरायचाच नसतो. स्वस्तातला सेन्सर आहे, दमट हवेत जास्त दाखवतो, हे मान्य. पण निम्मा आकडा धरला तरी काय?

"आज्जी, बाहेर ये. मी गार पाण्याने करते आंघोळ."

"आगं बया, दिवाळीच्या दिशी गार पान्यानं न्हाशील व्हय? व्हतंयच आता."

तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. हे पाणी कुणासाठी तापत होतं? माझ्यासाठी. घरात गॅस आहे. पण तो पाहुण्यांच्या चहाला आणि अडीअडचणीला. सिलिंडरला पैसे पडतात, सरपण रानातून फुकट येतं. आमच्याच घरात असं आहे असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरंच गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. आणि गॅस आला म्हणून चूल विझते असंही नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालू राहतात. मी मशेरीवर ओरडले कारण मशेरी तिची होती. चुलीवर कधीच ओरडले नाही, कारण चुलीवरची भाकरी माझी होती, चुलीवरचं पाणी माझं होतं.

आंघोळ झाली, फराळ झाला. (हो, त्याच कढत पाण्याने केली. हंडा उकळून तयार होता, आणि आजीचं मन मोडायचा धीर झाला नाही.) मग पडवीत बसून मी आजीला हे सगळं सांगायला घेतलं. टक्के तिला कळेनात, म्हणून मी होस्टेलचं काल्पनिक उदाहरण दिलं. तेच तुम्हालाही देते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

समजा होस्टेलवर शंभर जणी आहेत. पन्नास जणी फिल्टरचं पाणी पितात, पन्नास जणी साध्या टाकीचं. महिन्याभरात फिल्टरवाल्या पाच जणी आजारी पडल्या आणि टाकीवाल्या दहा. एकूण पंधरा. आता सगळ्याच फिल्टरचं पाणी प्यायल्या असत्या तर? दोन्हीकडे पाच-पाच, म्हणजे दहाच पडल्या असत्या. पाच आजारपणं टळली असती. पंधरातली पाच, म्हणजे टाकीच्या पाण्याचा वाटा एक तृतीयांश, ३३ टक्के. कुठल्याही धोक्याच्या कारणाचा 'वाटा' काढतात तो मुळात असाच. किती लोक त्या धोक्यात आहेत आणि धोक्याने आजाराची शक्यता किती पट होते, या दोन गोष्टींवरून. म्हणजे तो आकडा सांगतो की हे एक कारण काढून घेतलं तर एकंदर भार किती हलका झाला असता.

आजी शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी टाकीवाल्या धा पडल्या, त्यातल्या पाच तशाबी पडल्याच असत्या."

"बरोबर!"

"मग पान्यानं पडल्याल्या पाच कंच्या?"

मी थांबले. "ते सांगता येत नाही, आज्जी. दहांपैकी कुठल्या पाच, ते कुणालाच कळत नाही."

"म्हंजी माझा दम धुरानं, का मशेरीनं, का ल्हानपनी खायाला नव्हतं म्हनून, ते तुझ्या पुस्तकात न्हाई."

"नाही."

आजीने एक शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले. "मग त्या दिशी गाडीत कशी म्हनालीस गं, मीच वढवून घ्येतलं म्हनून?"

मित्रांनो, मी आत्तापर्यंत तीन व्हायवा दिल्या आहेत ज्यांत एक्स्टर्नलने मला रडवलंय. पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला एवढंच म्हणता आलं, "चुकलं माझं." आजी म्हणाली, "असूं दे. खा."

त्या रात्री मला २२१.८ चा अर्थ लागला. सर, हे खास तुमच्यासाठी. आमच्या बॅचच्या एका मित्राला एम-थ्रीमध्ये केटी लागली. नाव सांगत नाही, सगळे ओळखतीलच. तीन मार्कांनी गेला. त्याने लेक्चर्स बंक केली, आणलेल्या नोट्स उघडल्या नाहीत आणि आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मॅच बघितली. या तिन्हींतली एकच गोष्ट त्याने टाळली असती तरी तो सुटला असता. मग केटीला लेक्चर्स किती टक्के जबाबदार? शंभर. नोट्स? शंभर. मॅच? शंभर. बेरीज तीनशे टक्के, आणि गणितात चूक काहीच नाही. हार्ट अ‍ॅटॅकचंही तसंच आहे. एकाच माणसाला खारट-तेलकट खाणंही असतं, त्यातूनच चढलेलं बी.पी.ही असतं, वर तंबाखू आणि शहराचा धूरही असतो. टाळता आला असता असा एकच झटका प्रत्येक कारणाच्या खात्यात पुन्हा पुन्हा मोजला जातो. म्हणून बेरीज शंभरच्या वर जाते.

पहिल्यांदा हे भयानक वाटतं. मला आता उलट वाटतं. बेरीज शंभरच्या वर जाते याचा अर्थ, एकच आजार थांबवायला एकापेक्षा जास्त दारं आहेत. एक बंद असलं तर दुसरं ढकलता येतं. आजीचं लहानपण आता कुणी बदलू शकत नाही. चूल बदलता येते.

१९८५ साली जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी एक गोष्ट दाखवून दिली. मोठा धोका असलेल्या मूठभर लोकांपेक्षा, थोडा थोडा धोका असलेल्या असंख्य लोकांतून जास्त रुग्ण येऊ शकतात. आपण बोट नेहमी मूठभरांकडे दाखवतो. तो गुटखा खातो, ती जाडी आहे, ती मशेरी लावते. आणि आपलं काय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. म्हणजे जेमतेम एक चमचा. मेसमधल्या ताटात पापड आणि लोणच्याची दुसरी वाढी घेताना आपण 'धोक्यातले' नसतो, कारण सगळेच घेत असतात. देशाचं बिल अशाच थोड्या थोड्या गोष्टींचं बनतं.

गावी काय बदललं? फार नाही. पप्पांनी दुसरं सिलिंडर घेऊन दिलं आणि बुकिंग स्वतःच्या फोनवरून करतात, म्हणजे आजीला पैशाचा विचार नको. काकांनी चूल काळ्या खोलीतून काढून मागच्या उघड्या पडवीत घातली. सरपण आता पत्र्याखाली वाळतं. पाणी तापवायला बादलीतला हीटर आणला. व्होल्टेज असेल तेव्हा चालतो. भाकरी मात्र आजी चुलीवरच करते. "ग्यासवरली भाकरी म्हंजी रबार," हा तिचा निकाल आहे आणि त्यावर अपील नाही. ती रोज पंप ओढते, चढावर अजून तीन ठिकाणी थांबते. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

आता तुमच्याकडे येते. रविवारी रात्री मेस बंद असते आणि आपण सगळे हायवेवर जातो. तिथे पाट्या असतात, चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरची भाकरी. आपण ती पाटी बघूनच गाडी लावतो. मीही लावते. परवा गेलो होतो तेव्हा मी मागे जाऊन बघितलं. पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी तीन चुलींच्या मध्ये बसून भाकऱ्या थापत होत्या. पदर नाकाला लावलेला. मी म्हटलं, "मावशी, मागचा पत्रा काढला तर धूर जाईल की." त्या म्हणाल्या, "मालकांना सांगा." मी मालकांना सांगितलं. ते हसले. पुढच्या रविवारी आपण वीस जणांनी मिळून सांगितलं तर कदाचित हसणार नाहीत. कोण येतंय?

होळीला घरी जाईन तेव्हा हा अंक घेऊन जाणार आहे. आजीला सगळा लेख वाचून दाखवीन. 'मशेरी' आली की ती मध्येच म्हणणार, "आगं, ते कशाला लिवलंस? समद्यांना कळंल की!" कळू दे. चूक कुणाची होती तेही त्यांना कळेल.

एकच ओळ मी गाळणार आहे. हीटरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, त्यामुळे अंघोळ केल्यासारखंच वाटत नाही, असं आजी म्हणते. मलाही अगदी तसंच वाटतं. पण हे तिला अजिबात सांगायचं नाही!

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)